कोपऱ्यातला राजा

माझ्या धाकट्या भावाची मुलगी पियू अकरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात बेळगावात मुलांची बुद्धिबळ स्पर्धा झाली, तिथून रविवारी संध्याकाळी तिघंही थेट आमच्याकडं आली. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळं पानं मांडायची घाई चालली होती. पण भाऊ चप्पल काढता काढताच सुरू झाला, "अक्का, तुझ्या भाचीनं आज घोडा फुकट घातला बघ. समोरच्या पोराला जिंकता आलं नाही म्हणून अर्धा गुण तरी पदरात पडला. नशीब!" पियू काही बोलली नाही. चार घास खाल्ले आणि उठली.

मी मागं भांडी आवरत होते तेव्हा ती हळूच येऊन म्हणाली, "आत्ती, घोडा फुकट नव्हता घातला. मला कोपऱ्यात जायचं होतं."

बुद्धिबळ मला बऱ्यापैकी कळतं. चिकोडीकडच्या आमच्या खेड्यात आजोबा सोप्यात पट मांडून बसायचे, त्यांच्या मांडीशी बसून मी शिकले. त्यांची सगळी देशी पद्धत. समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव "बुर्जी" झाला म्हणायचे, आणि ती काही पुरती जीत धरायचे नाहीत. त्यामुळं एकाकडं सैन्य आणि दुसऱ्याकडं नुसता राजा, तरीही डाव जिंकलेला नाही, ही गोष्ट मला लहानपणापासून विचित्र वाटलेली नाही. मी हात पुसले आणि पट काढला. पियूनं मोहरे मांडले.

तिच्याकडं काळे होते. समोरच्या मुलाकडं राजा, पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट आणि दोन प्यादी, एक पटाच्या मध्यावरचं आणि एक त्याच्या अगदी उजव्या काठाचं. पियूकडं राजा आणि घोडा, बस्स. दोन बाजूंची दोन प्यादी एका घोड्याला सांभाळणं होईना. तेव्हा तिनं घोडा देऊन मधलं प्यादं मारलं आणि राजा घेऊन कोपरा गाठला. आता समोर राजा, उंट आणि प्यादं, आणि हिचा राजा एकटा. बघणाऱ्याला वाटावं, संपलं की सगळं! पण काठाचं ते प्यादं ज्या घरात पोचून वजीर होणार, ते कोपऱ्याचं घर काळं. उंट पांढऱ्या घरांचा. जन्मभर फिरला तरी त्या घरावर त्याची नजर पडायची नाही. पियूचा राजा कोपऱ्यातून शेजारच्या घरात, शेजारच्या घरातून परत कोपऱ्यात. त्याला तिथून हुसकावणार कोण? फारच जवळ येऊन दाबलं तर शह नाही पण हलायलाही जागा नाही अशी कोंडी होते, आणि नियमानं तीही बरोबरीच. बुद्धिबळाच्या जुन्या पुस्तकांत याला चुकीच्या रंगाचा उंट म्हणतात. पोरीनं ते पुस्तकात वाचलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि वेळ आल्यावर घोडा देण्याची छाती केली होती. तिचा सगळ्यात चांगला डाव होता तो.

मग भाऊ चिडला कशावर? तर त्याच्या फोनवर. हॉलच्या बाहेर बसून त्यानं सगळा डाव एका फुकटच्या ॲपात भरला होता. पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते, वरखाली होते, आणि शेजारी आकडा येतो. घोडा द्यायच्या आधी आकडा होता उणे दोन. दिल्यावर झाला उणे पाच, आणि त्या चालीवर दोन लाल प्रश्नचिन्हं, म्हणजे घोडचूक. घोडा दिला म्हणून घोडचूक, एवढाच काय तो त्यातला विनोद. त्या दोन लाल खुणांवरून पियूला स्पर्धेपासून आमच्या दारापर्यंत बोलणी बसली.

हे नुसतं आमच्या घरातलं नाही. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या आयासुद्धा मुलींना बुद्धिबळाच्या क्लासला घालायला लागल्या आहेत. चांगलंच आहे. पण त्या आया आणि ते बाप हॉलबाहेरच्या खुर्च्यांवर बसून पट बघत नाहीत, पट्टी बघतात. म्हणून मला या पट्टीचा समाचार घ्यावासा वाटला. पुस्तकाची, नाटकाची आपण टीका करतो. रोज इतक्या मुलांचा न्याय करणाऱ्या या आकड्याची का करू नये?

आकडा येतो कुठून ते आधी बघू. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, हा हिशेब खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. साधं ॲप हीच बेरीज करतं, त्यात राजा सुरक्षित आहे का, प्यादं किती पुढं गेलंय, असलं थोडं मीठमिरची घालतं. तुम्ही म्हणाल, यंत्र तर पुढच्या वीस-वीस चाली बघतं, मग त्याला कळत कसं नाही? बघतं ना. पण जिथवर बघतं तिथं थांबून परत बेरीजच करतं. पियूच्या डावात वीस चालींनंतरही उंट जागेवर आहे, प्यादं जागेवर आहे, कुणी काही मारलेलं नाही. म्हणून आकडा तोच. दागिने डब्यात आहेत, उद्याही असतील, परवाही असतील. मग बाई श्रीमंत. डब्याची किल्ली विहिरीत पडलीय, हे मोजदादीत कुठं येणार?

माझा मुलगा पुण्याला असतो. त्याला विचारलं तर त्यानं स्टॉकफिश नावाचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर घालायला सांगितलं. तोही फुकटच, पण जगात पहिल्या ओळीतला. पियूनं तीच स्थिती त्यात मांडली. लगेच शून्य. भावाला बोलावून दाखवलं. तो बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे ते ॲपच टाकाऊ होतं तर. हे घालून घेतो." आणि त्याच्या दृष्टीनं विषय मिटला. पियूला मात्र त्यानं "चुकलं माझं" असं काही म्हटलं नाही. एका आकड्यानं शिक्षा केली होती, दुसऱ्यानं सोडवलं. पटाकडं त्यानं दोन्ही वेळेला बघितलं नाही.

माझी तक्रार इथून सुरू होते. कारण स्टॉकफिशला ते शून्य समजुतीनं सुचलेलं नव्हतं.

वर्षानुवर्षं ते शून्य माणसांनी त्याच्या हातात दिलेलं होतं. जुन्या आवृत्त्यांत लिहूनच ठेवलेलं असे की काठाचं प्यादं, चुकीच्या रंगाचा उंट आणि कोपऱ्यात राजा दिसला तर बेरीज विसर आणि बरोबरी समज. दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांतले असले तर आकडा कमी कर, अशीही सूचना. सून नवीन घरात आली की सासू सांगते ना, या कपाटाचं दार जरा उचलून लाव, तसल्या सूचना. २०२० च्या सप्टेंबरात बाराव्या आवृत्तीत त्यात शिकणारं जाळं आलं, ज्याला कोट्यवधी स्थिती दाखवून अंदाज करायला शिकवलेलं असतं. आणि २०२३ मध्ये हातानं लिहिलेलं ते मूल्यमापन काढूनच टाकलं, इतकं जाळं त्याच्या पुढं गेलं होतं. नेहमी येणाऱ्या बरोबऱ्या जाळ्यानं पाहून पाहून ओळखायला घेतल्या. प्रश्न उरतो तो क्वचित येणाऱ्यांचा. जे कधी पाहिलंच नाही त्याचा अंदाज कसा करणार?

थोड्या मोहऱ्यांच्या डावाला दुसरं औषध आहे. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्याच्या सगळ्या स्थिती आता मांडून, शेवटाकडून उलटं मोजत येऊन, सोडवून ठेवलेल्या आहेत. मॉस्कोच्या विद्यापीठात लोमोनोसोव्ह नावाच्या महासंगणकावर २०१२ मध्ये हे कोष्टक पुरं झालं. त्यानंतर सिझिजी नावाची आटोपशीर कोष्टकं आली, त्यांतलं सात मोहऱ्यांचं काम २०१८ मध्ये झालं. तिथं अंदाज नाही, बेरीज नाही. जीत, हार की बरोबरी, एवढंच, आणि ते अंतिम. त्यात एक गमतीचा प्रकार आहे. बुद्धिबळात पन्नास चालींचा नियम असतो. दोघांच्या पन्नास पन्नास चाली झाल्या आणि त्यात प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही, तर बरोबरी मागता येते. काही स्थिती अशा की जीत आहे, पण ती पन्नासात बसत नाही. त्याला शापित विजय म्हणतात. आमच्या आजीला हे नाव फार आवडलं असतं.

पण सात म्हणजे किती थोडे! आठव्या मोहऱ्याला कोष्टकाचं दार बंद. पट भरलेला असतो आणि तरीही डाव अडकलेला असतो, तिथं यंत्राला परत आपल्या अंदाजावरच यावं लागतं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २०१७ मध्ये रॉजर पेनरोज यांच्या संस्थेनं लोकांपुढं ठेवलं. पेनरोज म्हणजे ज्यांना पुढं २०२० मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं ते.

ती स्थिती मी आणि पियूनं घरी मांडली. मांडायलाच वेळ लागला, कारण काळ्याकडं तीन उंट, तिन्ही काळ्या घरांतले. प्याद्याचा वजीर न करता उंट केला तर असं होऊ शकतं. आमच्या डब्यात तेवढे उंट कुठले? एकाच्या जागी घोडा ठेवून त्याला उंट म्हटलं, दुसऱ्याच्या जागी शिलाई मशीनची बॉबीन. तर काळ्याकडं राजा, वजीर, दोन हत्ती, तीन उंट, पाच प्यादी. पांढऱ्याकडं राजा आणि चार प्यादी. बेरीज करा. काळ्याकडं तेहतीस, पांढऱ्याकडं चार.

आता जरा निवांत बघा. काळ्याचा राजा, वजीर आणि दोन्ही हत्ती पटाच्या डाव्या काठाला आपल्याच प्याद्यांच्या गर्दीत चेंगरून बसलेत. कुणालाही एक घर सरकायला जागा नाही. प्यादी समोरासमोर डोकी लावून उभी. काळ्याचं एकही प्यादं हलू शकत नाही. हलतात ते फक्त तीन उंट, आणि तिन्ही काळ्या घरांतून. पांढऱ्याचा राजा पांढऱ्या घरात, चारही प्यादी पांढऱ्या घरांत. राजानं पांढऱ्या घरातून तिरकं पांढऱ्या घरात जात राहायचं. कुणी त्याला शह देऊ शकत नाही, कुणी प्याद्याला हात लावू शकत नाही. एकच पथ्य, आपल्या प्याद्यांनी ते हत्ती मारायचे नाहीत. समोर दोन हत्ती आयते आहेत, मारावेसे वाटतात, पण मारला की भिंत फुटली आणि आतला वजीर बाहेर आला. लोभ आवरला तर बरोबरी.

पियूला हे समजायला पाच मिनिटं लागली असतील. आधी ती उंटांच्या मागं लागली, मग एकदम थांबली आणि म्हणाली, "आत्ती, हे तर वेगळ्याच रस्त्यावर राहतात!" लॅपटॉपवर आकडा मात्र काळ्याच्या बाजूनं भला थोरला. तासभर चालू ठेवला तरी आकडा मान हलवायला तयार नाही. मग आम्ही स्टॉकफिशलाच दोन्ही बाजूंनी खेळायला लावलं, तेव्हा चाली मोजता मोजता आकडा हळूहळू उतरू लागला. पन्नास चाली जवळ येतील तसा तो आपला आकडा आवळून घेतो, तसं त्यात घातलेलंच आहे. म्हणजे जे पोरीला पहिल्या चालीला दिसलं ते त्याला नियमाची घंटा जवळ आल्यावर कळलं. कळलं तरी कसलं, घंटेनं कळवलं.

इथं यंत्राच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर टीका एकांगी होईल. आकडा चुकला, पण पांढऱ्याकडून खेळताना त्याच्या चाली चुकल्या नाहीत. राजा इकडून तिकडं फिरवत त्यानं बरोबरी राखलीच. मुळात हा प्रोग्रॅम चाल निवडायला केलेला आहे. या चालीपेक्षा ती बरी, एवढं त्याला ठरवायचं असतं, आणि त्यासाठी आत कुठंतरी आकडा लागतो. भाजी घेताना आपण दोन गड्डे हातात घेऊन हा जड की तो जड बघतो. त्यावरून वजन किती ते कुणी पावतीवर लिहीत नाही. आतल्या कामाचा तो आकडा बाहेर आणून, पट्टीला रंग देऊन, हॉलबाहेरच्या बापांना विकला, तो उद्योग माणसांचा.

पेनरोज साहेबांशीही माझं पुरतं जमत नाही. माणसाची समज गणनेतून येत नाही, हे त्यांचं जुनं म्हणणं; १९८९ मध्ये त्यांनी त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. हा पट त्याच म्हणण्याचा दाखला म्हणून पुढं आला. पण एक कुलूप एका किल्लीनं उघडलं नाही म्हणून कुठल्याच किल्लीनं उघडणार नाही, असं कसं म्हणायचं? कुठले मोहरे कधीच हलू शकणार नाहीत ते आधी तपास, एवढी एक सूचना कुणी लिहिली तर हा पट यंत्र चुटकीसरशी सोडवील. लिहीत नाहीत, कारण असा डाव हजारात एकदाही येत नाही आणि त्या तपासात बाकीच्या डावांचा वेळ जातो. हा व्यवहार झाला. त्यात माणसाच्या आत्म्याचा विजय बघणं मला जरा घाईचं वाटतं.

आणि माणसांनी तरी बरोबऱ्या ओळखण्यात कुठं फार दिवे लावलेत? १८५१ मध्ये क्लिंग आणि हॉर्विट्झ या दोघांनी लिहून ठेवलं की दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा एका विशिष्ट जागी राजाजवळ बसला की तटबंदी होते, डाव बरोबरीत. शंभरावर वर्षं सगळ्या जगानं ते मानलं. पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेलं. १९८३ मध्ये केन थॉम्पसन यांनी, युनिक्स तयार करणाऱ्यांपैकी एक असलेल्या त्याच थॉम्पसननी, यंत्राकडून सगळ्या स्थिती मोजून घेतल्या आणि निघालं काय, तर दोन उंट जवळजवळ नेहमी जिंकतात. तटबंदी फुटते, फक्त वेळ लागतो. सगळ्यात लांबच्या वाटेला ६६ चाली. खुद्द नियम बदलावे लागले. काही शेवटांसाठी पन्नासाची मर्यादा वाढवून दिली, आणि १९९२ मध्ये ती परत सरसकट पन्नासावर आणली. म्हणजे इथं बरोबरी म्हणणारी माणसं चुकली आणि बेरीज करणारं यंत्र बरोबर निघालं. फरक एवढाच की तिथं यंत्रानं अंदाज केला नव्हता, एकही स्थिती न सोडता सगळं मोजलं होतं.

२०१८ चा लंडनचा जगज्जेतेपदाचा सामनाही आठवतो. सहावा डाव, कार्लसन पांढऱ्यानं, कारुआना काळ्यानं. कार्लसन एक मोहरा देऊन बसला होता, पण तटबंदी धरून. ८० चालींनंतर बरोबरी. इकडं नॉर्वेतल्या एका मोठ्या संगणकानं काळ्याची जीत दाखवली होती, तीसेक चालींपुढची. त्या वाटेवर काळ्याचा घोडा आपल्या पायानं शत्रूच्या शेवटच्या ओळीत कोपऱ्याजवळ जाऊन अडकल्यासारखा बसतो. ते बघून जगातले मोठमोठे खेळाडू म्हणाले की असली चाल माणसाला सुचतच नाही. मग कारुआना चुकला का? पट्टीच्या हिशेबानं चुकला. त्या चालीवर लाल खूण पडली असेलही. पण जी चाल कुणाही माणसाला सुचत नाही ती न खेळण्याला चूक म्हणायचं असेल, तर चूक या शब्दाला काही अर्थच राहिला नाही.

माझा दुसरा राग शून्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा जास्त आहे.

समजा यंत्रानं बरोबरी अचूक ओळखली. आकडा आला शून्य. पण कसलं शून्य? पियूचा कोपरा शून्य. आणि हत्ती-उंटाविरुद्ध एकटा हत्ती, तोही कोष्टकात बहुतेक ठिकाणी शून्यच. पहिल्यात झोपेत खेळलं तरी चालतं. दुसऱ्यात काठावर ढकललेला राजा घेऊन पन्नास चाली दर चालीला एकमेव बरोबर घर शोधत बसायचं, घड्याळ उतरतंय, डोकं शिणलंय, आणि एकदा पाय घसरला की खेळ खलास. या शेवटातली जिंकायची एक वाट फिलिदोर या फ्रेंच खेळाडूनं १७४९ मध्येच दाखवून ठेवली आहे, तिथपर्यंत ढकलत नेण्यातच समोरच्याचा सगळा डाव असतो. मोठे मोठे ग्रँडमास्टर यात हरतात. पट्टी मात्र दोन्हीकडं मधोमध, निवांत. बाहेर बसलेली आई म्हणते, "शून्य होतं की, मग हरलीस कशी?" जिनं पन्नास चाली तग धरला त्या मुलीला हे ऐकून काय वाटत असेल! घरात सगळं सुरळीत चाललंय म्हणजे कुणी काही करतच नाहीये, असं समजणारी माणसं आपल्याला काही नवी नाहीत, मैत्रिणींनो.

लीला नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तो जीत किती, बरोबरी किती, हार किती असे तीन भाग वेगळे सांगतो. ते मला एका आकड्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. स्टॉकफिशनंही २०२२ च्या अखेरीस आपल्या आकड्याचा अर्थ बदलला; आता अधिक एक म्हणजे एक प्यादं जास्त असं नाही, तर जिंकण्याची शक्यता निम्मी. म्हणजे करणाऱ्यांनाच कळलंय की तो मोजमापाचा आकडा नाही, अंदाजाचा आहे. पण ती शक्यताही दोन यंत्रं एकमेकांशी खेळली तर किती, याची आहे. पियू आणि समोरचा तो चष्मेवाला पोरगा खेळले तर किती, हे त्यात नाही.

आणि आकडा समोर नसतानाही तो माणसाच्या डोक्यात कसा बसतो बघा. ४ मे १९९७, न्यूयॉर्क. कास्पारोव्ह विरुद्ध आयबीएमचं डीप ब्लू, दुसरा डाव. कास्पारोव्ह, जगज्जेता, हार मानून उठला. दुसऱ्या दिवशी मित्रांनी सांगितलं की वजीर पुढं घातला असतास तर सतत शह देत बरोबरी करता आली असती. त्याच्या पटाशेजारी कसली पट्टी नव्हती. यंत्रानं एवढी मोठी वाट उघडी ठेवली असेल, यावर त्याचा विश्वास बसला नसावा. इतका मोठा माणूस, आयुष्यभर लोकांनी त्याच्यापुढं हात टेकलेले, आणि समोर यंत्र आहे म्हणून त्यानं स्वतः शोधायचं सोडलं. पियूनं शोधलं. मी दोघांची तुलना करत नाही हो, पण त्या रात्री भांडी विसळताना हेच माझ्या मनात होतं.

ज्यांच्या घरी मुलं खेळतात त्यांना एक युक्ती सांगते, आमच्या घरात उपयोगी पडली म्हणून. आकडा मोठा दिसला की लगेच बोलू नका. यंत्राला त्या स्थितीतून पुढं दहा-पंधरा चाली खेळवा. आकडा वाढत गेला, काही मारलं गेलं, प्यादं सरकलं, तर खरंच काही आहे. आकडा जिथल्या तिथं आणि मोहरे नुसते इकडून तिकडं, तर संशय घ्या. मग मुलाला विचारा, "समोरचा जिंकणार कसा?" उत्तर बोटानं पटावर दाखवायला सांगा. पियूला हे मी विचारलं तेव्हा तिनं उंटाचा रस्ता बोटानं गिरवून दाखवला होता, एकही काळं घर न शिवता.

तरी आठ-दहा दिवस तिनं पटाला हात लावला नाही. क्लासला जायची, पण घरी डबा कपाटावर. मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा पेनरोजचा पट मी आधीच मांडून ठेवला होता, बॉबीनसकट. ती पांढऱ्याकडून बसली, मी काळ्याकडून. चाली मोजायला वाटीत तुरीचे दाणे घेतले होते, एका चालीला एक दाणा. बाविसाव्या दाण्याला तिला न्यायला भाऊ आला. उभ्या उभ्या बघितलं, बारा मोहरे आणि पाच मोहरे मोजले, आणि म्हणाला, "अक्का, ऊठ बघू. वजीर हातात आहे आणि तुला जिंकता येईना?" मी उठले. तो बाह्या सारून बसला.

मी चहा ठेवायला आत गेले. उकळी आली तेव्हा बाहेर आवाज नव्हता. डोकावून बघितलं तर वाटीतले दाणे संपून पियूनं डब्यातून आणखी मूठभर आणले होते, आणि भाऊ बॉबीन हातात धरून विचारत होता, "हा उंट पांढऱ्या घरात नाही का गं ठेवता येणार?"